रेडिओहेडचे नऊ अल्बम, एका कानाने

रेडिओहेडच्या दोन चाहत्यांना एका टेबलावर बसवा. चहा येईपर्यंत ते मित्र असतात, चहा संपेपर्यंत भांडण सुरू झालेलं असतं. विषय ठरलेला: 'ओके कम्प्युटर' मोठा की 'किड ए'? मग तिसरा कुणीतरी 'इन रेनबोज'चं नाव काढतो आणि बिल कोण देणार हे सगळे विसरून जातात.

नऊच अल्बम आहेत, त्यामुळे क्रमवारी लावायचा मोह कुणालाच आवरत नाही. पिंक फ्लॉइडचे पंधरा लावताना माणूस मधेच दमतो. नऊ मात्र बोटांवर मावतात. माझी यादी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून पक्की होती. हॉस्टेलमध्ये सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फोल्डरमध्ये हे नऊच्या नऊ होते. तेव्हापासून माझा क्रम असा: ओके कम्प्युटर, किड ए, इन रेनबोज, द बेंड्स, अ मून शेप्ड पूल, अ‍ॅम्नेसिअ‍ॅक, हेल टु द थीफ, द किंग ऑफ लिम्ब्ज, पाब्लो हनी. नोकरी लागली, दोन शहरं बदलली, यादी तीच.

गेल्या वर्षी एका सकाळी उठले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. आदल्या रात्री येत होतं. ऑडिओमेट्री झाली, स्टेरॉइड्स झाली. खालचे सूर थोडेफार परत आले, वरचे आले नाहीत. कारण सापडलं नाही. या प्रकारात बहुतेकदा सापडतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता त्या कानात दिवसभर एक बारीक शिट्टी असते आणि रस्त्यावर हॉर्न कुठून आला ते कळत नाही. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ठरवतो. एका कानाला आवाज दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. तेवढ्या फरकावर आपण अख्खा चौक ओलांडत असतो.

हेडफोन लावल्यावर मात्र मला खरं काय गेलंय ते समजलं. स्टिरिओ म्हणजे दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज असतात, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. माझ्याकडे अर्धंच गाणं पोचत होतं. गिटारची ओळ सुरू व्हायची आणि तिला उत्तर देणारी दुसरी ओळ यायचीच नाही. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजू मिसळून एकच आवाज दोन्हीकडे जातो. काही हरवत नाही, पण सगळं एका जागी येतं.

अगदीच काही हरवत नाही, असंही नाही. मिक्स करताना साधारणपणे गायकाचा आवाज, बेस आणि ड्रम्सचा मुख्य ठोका मध्यभागी ठेवतात. गिटार, कीबोर्ड, कोरस, घुमारा हे दोन बाजूंना पसरवतात. मोनो केलं की मध्यभागचं सगळं ठसठशीत होतं आणि बाजूचं बारीक होतं. काही आवाज तर एकमेकांच्या उलट लाटांमुळे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे बँड तोच, पण बेसवाला आणि ड्रमर पुढे येऊन उभे राहतात, गिटारवाले मागे सरकतात.

याची दया वगैरे यायचं कारण नाही. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन लहानपणापासून उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता. त्याने १९६६ साली 'पेट साउंड्स' मोनोमध्येच मिक्स केला आणि लोक अजून त्या अल्बमपुढे हात जोडतात. आणि रेडिओहेडचा थॉम यॉर्क जन्मला तेव्हा त्याचा डावा डोळा मिटलेला होता. लहानपणी अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पापणी अजून अर्धवट खाली असते. हे लोक एका बाजूने जगूनच इथवर आलेत.

तर मी नऊ रविवार काढले. एका रविवारी एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मोनोमध्ये, दोनदा. त्यातून निघालेली ही नवी यादी. शेवटून सुरू करते.

९. पाब्लो हनी (१९९३). आधीही ९.

ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डन गावातली शाळेतली पाच पोरं. शुक्रवारी सराव करायची, म्हणून बँडचं नाव 'ऑन अ फ्रायडे'. रेकॉर्ड कंपनीने करार केल्यावर नाव बदललं, टॉकिंग हेड्सच्या एका गाण्यावरून 'रेडिओहेड' झालं. हा पहिला अल्बम तीन आठवड्यांत उरकला आणि तो तसाच ऐकू येतो. 'क्रीप' सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या फेस्टमध्ये गिटार घेतलेला प्रत्येक मुलगा ते चार कॉर्ड्स वाजवतो. मुखड्याआधी गिटारचे जे दोन-तीन खरखरीत फटके येतात, ते जॉनी ग्रीनवुडने गाणं फार मवाळ वाटलं म्हणून बिघडवायला मारले होते, आणि त्याच फटक्यांमुळे गाणं लक्षात राहिलं. मोनोमध्ये हा अल्बम जसाच्या तसा आहे. त्यात बाजूला ठेवलेलं फार काही नव्हतंच.

८. हेल टु द थीफ (२००३). आधी ७.

नाव अमेरिकेतल्या २००० सालच्या निवडणुकीनंतरच्या घोषणेतून आलं. लॉस एंजेलिसमध्ये झपाट्याने रेकॉर्ड केला, आणि बाजारात येण्याच्या कितीतरी आधी इंटरनेटवर फुटला. चौदा गाणी आहेत. पुढे यॉर्कने स्वतःच यातली काही गाळून छोटी यादी मांडली होती, म्हणजे निर्मात्यालाही दाटी जाणवली असणार. मोनोमध्ये ती दाटी दुप्पट होते. लोकलच्या डब्यात सगळेच बोलतायत असं वाटतं. 'देअर देअर' मात्र उभं राहतं. त्या गाण्याचा पाया म्हणजे जाड ढोलांचा ठेका, मैफिलीत गिटारवालेसुद्धा गिटार ठेवून तो वाजवायला उभे राहतात. एका कानाला ठेका पुरतो.

७. द किंग ऑफ लिम्ब्ज (२०११). आधी ८.

आठ गाणी, सदतीस मिनिटं, आणि चाहत्यांची मोठी निराशा. इंग्लंडच्या सॅव्हरनेक जंगलातल्या एका जुन्या ओक वृक्षावरून नाव घेतलंय. माझ्या धंद्यातल्या लोकांनी तरी हा अल्बम ऐकायला हवा, कारण तो बराचसा कोडवर उभा आहे. जॉनी ग्रीनवुडने तुकडे कापून पुन्हा पुन्हा फिरवायचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं आणि बँडने त्यावर लूप रचले. पूर्वी मला हे सगळं यंत्रासारखं वाटायचं. आता कॉलिन ग्रीनवुडचा बेस समोर आला आणि 'लोटस फ्लॉवर'मध्ये माणूस दिसला. हे लूप मंचावर हाताने वाजवायचे म्हटल्यावर त्यांना दुसरा ड्रमर आणावा लागला, पोर्टिसहेडबरोबर वाजवणारा क्लाइव्ह डीमर. दोन ड्रमरांचे ते व्हिडिओ बघा. अल्बम आवडला नाही तरी ते आवडतील.

६. द बेंड्स (१९९५). आधी ४.

हा खाली आला याचं वाईट वाटतं. 'क्रीप' नंतर सगळे म्हणत होते, हा एका गाण्याचा बँड. त्याला दिलेलं हे उत्तर आहे. निर्माता जॉन लेकी, आणि स्टुडिओत तेव्हा इंजिनिअर म्हणून नायजेल गॉडरिच नावाचा एक तरुण होता. पुढचा प्रत्येक अल्बम त्याच्याच हातून झाला. पण 'द बेंड्स' हा तीन गिटारींचा अल्बम आहे, आणि तीन गिटारींची मजा त्या तीन ठिकाणी असण्यात आहे. एकीने विचारायचं, दुसरीने उलटून बोलायचं. मोनोमध्ये त्यांची एक भिंत होते. भिंत चांगली आहे, पण मला संवाद आठवतो. 'स्ट्रीट स्पिरिट' वाचलं, कारण तिथे एकच सुटी सुटी वाजणारी गिटार सगळं ओढून नेते.

५. अ‍ॅम्नेसिअ‍ॅक (२००१). आधी ६.

'किड ए'च्याच सत्रांमधली उरलेली गाणी, म्हणून याला नेहमी धाकट्या भावासारखं वागवतात. थोरल्याचे कपडे घातलेला. 'लाइक स्पिनिंग प्लेट्स' कसं झालं ते माहीत आहे? त्यांनी 'आय विल' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं, पटलं नाही, म्हणून उलटं वाजवलं. उलटी चाल आवडली. मग यॉर्कने त्या उलट्या चालीवर नवं गाणं बांधलं. मूळ 'आय विल' दोन वर्षांनी वेगळ्या रूपात 'हेल टु द थीफ'वर आलं. शेवटच्या गाण्यात हम्फ्री लिटलटन या म्हाताऱ्या जाझ ट्रम्पेटवाल्याचा ताफा येतो आणि सगळं एखाद्या अंत्ययात्रेच्या बँडसारखं डुलायला लागतं. हा अल्बम आधीपासूनच भिंतीपलीकडून ऐकल्यासारखा होता. त्यामुळे माझ्या कानाने त्याचं काही नुकसान केलं नाही.

४. ओके कम्प्युटर (१९९७). आधी १.

मला कल्पना आहे, इथे काही जण टॅब बंद करतील.

हा अल्बम आणि मी एका वयाचे. बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या दगडी वाड्यात त्यांनी तो मोठ्या प्रमाणात रेकॉर्ड केला, आणि त्यात त्या वाड्यातली हवा आहे. 'एक्झिट म्युझिक'चा आवाज दगडी जिन्यातला आहे, तो घुमारा मशीनमधून आणलेला नाही. 'लेट डाऊन' त्यांनी पहाटे तीनला नाचघरात वाजवलं. आता हेच गाणं रील्समधून विशीतल्या पोरांपर्यंत पुन्हा पोचलंय, आणि ते बरंच झालं.

या अल्बमला मी पहिला क्रमांक दिला होता तो जागेमुळे. डोळे मिटले की मी त्या वाड्यात उभी असायचे. छत कुठे आहे, भिंत किती लांब आहे ते कानाला कळायचं. मोनोमध्ये गाणी सगळी आहेत, शब्द आहेत, 'पॅरनॉइड अँड्रॉइड'चे सगळे भाग आहेत, पण वाडा नाही. वाड्याचा फोटो आहे. नऊ रविवारांतला हा एकच रविवार मी दुसऱ्यांदा ऐकायचं पुढे ढकललं. आईचा फोन आला होता, तिला म्हटलं, "काही नाही गं, पाऊस बघतेय."

'फिटर हॅपिअर' मात्र वर चढलं. मॅकिंटॉशच्या यांत्रिक आवाजात आदर्श आयुष्याच्या सूचनांची यादी. १९९७ मध्ये ती भविष्याची थट्टा होती. आज सकाळच्या ऑफिस मेलसारखी वाटते.

३. अ मून शेप्ड पूल (२०१६). आधी ५.

तर्काने हा खाली जायला हवा होता. यात लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं चारी बाजूंनी पसरलेली आहेत आणि मोनोमध्ये पसरणं हाच गुन्हा. तरी वर आला.

जॉनी ग्रीनवुडने त्याआधी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शाय बेन त्झूर आणि राजस्थानातल्या वादक-कव्वालांबरोबर 'जुनून' हा अल्बम केला होता, २०१५ मध्ये तो आला. तो जरूर ऐका. गॉडरिचही तिथे होता. आपल्या वादकांना मागे सजावट म्हणून बसवलेलं नाही, तेच पुढे आहेत. पुढच्या वर्षी 'अ मून शेप्ड पूल' आला. त्यातली अकरा गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावली आहेत. 'बर्न द विच'मध्ये व्हायोलिनवाल्यांना गिटारच्या प्लेक्ट्रमने तारा छेडायला लावलं आहे.

पण तो वर आला तो शेवटच्या गाण्यामुळे. 'ट्रू लव्ह वेट्स' ते १९९५ पासून मैफिलीत वाजवत होते. एक गिटार, एक गळा, आणि चाहते वीस वर्षं विचारत राहिले की हे अल्बमवर कधी घेणार. २०१६ मध्ये घेतलं तेव्हा गिटार काढून टाकली होती. नुसता पियानो, एकमेकांपासून सुटत चाललेले सूर. यॉर्कचं दोन दशकांहून जुनं नातं तेव्हा नुकतंच संपलं होतं. तरुणपणी विनवणी वाटणारं गाणं आता सगळं उरकल्यानंतरचं वाटतं. शब्द तेच आहेत. वीस वर्षं थांबून, जे उरलं तेवढ्यावर त्यांनी ते गाणं पुन्हा उभं केलं. मला या वर्षी हे ऐकायची गरज होती.

२. किड ए (२०००). आधीही २.

'ओके कम्प्युटर'ने त्यांना जगातला सगळ्यात मोठा गिटार बँड केलं, आणि त्यांनी गिटार खाली ठेवली. सिंगल काढलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओ केले नाहीत, यॉर्कने ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून टोपीतून काढल्या. तरी अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

'इडिओटेक'च्या मुळाशी पॉल लॅन्स्की या संगीतकाराने १९७३ मध्ये प्रिन्स्टनला आयबीएमच्या मेनफ्रेमवर केलेल्या रचनेचा काही सेकंदांचा तुकडा आहे. जॉनीने जवळपास पन्नास मिनिटांचे आवाज जमवून यॉर्कला दिले, यॉर्कला त्यातले ते काही सेकंद सापडले. संगणकाने संगीत करावं का, यावर आज आम्ही जेवणाच्या सुट्टीत वाद घालतो. ते उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका खोलीभर मोठ्या यंत्रावर दिलं गेलं होतं: यंत्र काहीही वाजवेल, त्यातले कुठले चार स्वर ठेवायचे ते कुणीतरी ठरवावं लागतं.

मला या अल्बममध्ये आता सगळ्यात जवळचा वाटतो तो एड ओ'ब्रायन. गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या बँडला अचानक गिटार नको झाली. तो गेला नाही. त्या काळात तो इंटरनेटवर रोजनिशी लिहीत राहिला आणि नवे आवाज काढायला शिकला. ऑफिसात आमच्यापैकी निम्मे लोक सध्या याच प्रश्नापुढे उभे आहेत, आणि मला तर कानाचाही जास्तीचा पेपर आहे. मोनोमध्ये 'किड ए' जागचा हलला नाही. तो कधीच एखाद्या खोलीत वाजत नव्हता, तो डोक्याच्या आत वाजत होता. डोकं शाबूत आहे.

१. इन रेनबोज (२००७). आधी ३.

रेकॉर्ड कंपनीचा करार संपला होता. १० ऑक्टोबर २००७ रोजी त्यांनी अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला आणि किमतीची चौकट रिकामी सोडली. तुम्हीच ठरवा. शून्य लिहिलं तरी चालेल. जगभर त्यावर इतकी चर्चा झाली की गाणी मागे पडली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि मला नंतर पेनड्राइव्हवरून शून्यातच मिळाली.

दहा गाणी, बेचाळीस मिनिटं, एकही जास्तीचं नाही. '१५ स्टेप' पाच मात्रांत चालतं. पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यात अडखळायला होतं म्हणे. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन ऐकत वाढलेल्या घरात पाचाचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. माझे बाबा ऐकता ऐकता मांडीवर बोटं मोजायला लागले होते. 'न्यूड' हे 'ओके कम्प्युटर'च्या काळातलं गाणं, दहा वर्षं पडून होतं. कॉलिनने त्याला बेसची नवी चाल सापडवून दिली आणि ते चालायला लागलं. 'ऑल आय नीड'चा खर्जातला बेस, 'रेकनर'मधला फिल सेल्वेचा ठेका, त्यावर तरंगणारा यॉर्कचा आवाज. या अल्बमला जे हवं ते सगळं मध्यभागी आहे. 'विअर्ड फिशेस'मधल्या गुंतलेल्या गिटारी मला आता वेगळ्या काढता येत नाहीत. पण त्या लाटेसारख्या एकत्र अंगावर येतात, आणि लाटेतलं पाणी कुणी वेगळं काढतं का?

शेवटचं गाणं 'व्हिडिओटेप'. ऐकायला अगदी साधं: पियानोचे तेच ते कॉर्ड्स. पण बँडने त्याची मूळ लय वेगळी धरलेली आहे. आपल्याला जिथे सम वाटते तिथे ती नाही. पियानो खऱ्या मात्रेच्या अर्धी मात्रा आधी पडतो. मैफिलीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये यॉर्क मान वेगळ्याच ठिकाणी हलवताना दिसतो तेव्हा हे कळतं. अल्बमवर त्यांनी ही युक्ती जवळजवळ लपवून टाकली आहे. एकदा समजल्यावर तुम्ही प्रयत्नाने खरी सम धरू शकता. पहिल्यांदा चक्कर येते, चालता चालता पायरी चुकल्यासारखी. दहा-बारा वेळा ऐकलं की जमतं. त्यात दोन कानांचा काही संबंध नाही, मनात मोजत राहावं लागतं, बस.

क्रमवारी लावणं हा रिकामटेकडा उद्योग आहे, हे मलाही कळतं. ऑफिसात दरवर्षी बेल कर्व्हवर माझीही लागते आणि तिच्यातून कुणालाच काही समजत नाही. या यादीतून मला मात्र समजलं की कुठल्या गोष्टी बाजूला होत्या आणि कुठल्या मध्यभागी. 'ओके कम्प्युटर'चा वाडा गेला, तो मी स्मरणात ठेवलाय. बाकीचे आठ ऐकण्याजोगे आहेत, त्यातले तीन तर आधीपेक्षा जास्त.

तुमचे दोन्ही कान चालू असतील तर एक करा. सेटिंगमध्ये जाऊन मोनो चालू करा आणि तुमच्या पहिल्या क्रमांकाचा अल्बम एकदा तसा ऐका. मग बटण बंद करून पुन्हा ऐका. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंनी काय काय उघडतं, ते नीट लक्ष देऊन ऐका. आणि मग सांगा, 'द बेंड्स' सहावा कसा काय. त्यावर भांडायची माझी तयारी आहे. फक्त माझ्या उजव्या बाजूला बसा.